वाचकांचे प्रश्न : बँकॉकचा उकाडा आणि आपलं घर

या महिन्याची पत्रं जवळजवळ सगळीच थायलंडमध्ये नव्याने राहायला आलेल्या, किंवा येऊ घातलेल्या मराठी मंडळींची आहेत. मी बँकॉकमध्ये बरीच वर्षं राहते, नदीपलीकडे थोनबुरीत, आणि माझं काम इमारतींच्या वातानुकूलनाचं आहे. पहिल्या पत्राला जरा विस्ताराने उत्तर देते, कारण बाकीच्या पुष्कळ तक्रारी घराच्या हवेपासूनच सुरू होतात.

ताई, आम्ही सुखुमवितला एकोणिसाव्या मजल्यावर राहतो. एसी दिवसभर 20 वर असतो, तरी घराला कुबट वास येतो. माझ्या दोन पैठण्यांवर पांढरे ठिपके पडलेत, यांचे चामडी बूट हिरवे झालेत. वीजबिल बघून तर धडकी भरते. एवढा एसी चालवूनही घर दमट कसं?

एसी 20 वर आहे म्हणूनच घर दमट आहे.

बँकॉकच्या हवेचा दवबिंदू उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात बहुतेक दिवस 24 ते 26 अंशांच्या घरात असतो. याचा अर्थ एवढाच, की त्याहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूला बाहेरची हवा लागली की तिच्यावर पाणी सुटणार. तुम्ही दिवसभर घर 20 पर्यंत गार करता तेव्हा भिंती, कपाटाची पाठ, गाद्या, बुटांचे तळ सगळंच गार होतं. मग बाल्कनीचं दार उघडतं, किंवा बाहेर जाताना तुम्ही एसी बंद करता. दाराखिडक्यांच्या फटींतून ओली हवा आत येते आणि त्या गार भिंतींवर बसते. ही ओल डोळ्यांना दिसेलच असं नाही, पण बुरशीला तेवढी पुरते.

दुसरी गोष्ट एसीच्या मापाची. इथे लहान खोल्यांना सर्रास मोठे एसी लावतात. मोठा एसी खोली झटपट गार करतो आणि थांबतो; हवेतलं पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. थांबल्यावर पंखा चालू राहिला तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत जातं. खोली गार पण चिकट, अशी अवस्था होते, आणि माणूस आणखी दोन अंश खाली उतरतो. मी ज्या घरांत तपासणीला जाते त्यांतल्या निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ हेच असतं.

तेव्हा एसी 26 किंवा 27 वर ठेवा आणि सोबत पंखा लावा. इथली वीजनिर्मिती संस्थाही लोकांना कितीतरी वर्षं हेच सांगते आहे. पंख्याच्या वाऱ्याने अंगावरचा घाम उडतो, त्यामुळे 27 अंशही 24-25 सारखे वाटतात. पावसाच्या दिवसांत ‘ड्राय’चं बटण वापरा. पहिले तीन-चार दिवस तुम्हाला उकडेल. तेवढे काढा, शरीर जुळवून घेतं.

एसी दर चार-सहा महिन्यांनी धुऊन घ्या. इथे ही अगदी नेहमीची सेवा आहे: दोन माणसं प्लास्टिकची झोळी आणि पाण्याचा पंप घेऊन येतात, पाचशे ते आठशे बाथ घेतात आणि तासाभरात आतली काळी राड काढून देतात. कुबट वास बहुधा तिथलाच असतो. ते आले की पाणी वाहून नेणारी नळीही साफ करायला सांगा.

आता पैठण्या. बाथरूमच्या भिंतीला चिकटलेल्या कपाटात त्या असतील तर आजच हलवा. मऊ ब्रशने, सावलीत, बाल्कनीत उभं राहून ठिपके हलके झटका. जरीवर घासू नका, आणि भर उन्हात तर मुळीच वाळत घालू नका. मग एक दिवस एसीच्या कोरड्या हवेत पसरून ठेवा, घड्या बदला, सुती कापडात गुंडाळा. इथल्या दुकानांत कॅल्शियम क्लोराइडचे ओल शोषणारे डबे मिळतात, ते चांगले असतात. मात्र त्यांच्या तळाशी जे खारं पाणी साठतं ते रेशमावर सांडलं तर डाग जात नाही. डबा नेहमी खालच्या कप्प्यात ठेवा, साड्या वरच्या. पासपोर्ट, पदव्यांची प्रमाणपत्रं, जुने फोटो यांनाही हाच नियम.

बिलाचं म्हणाल तर करार काढून बघा. बँकॉकच्या वीज प्राधिकरणाचा मीटर थेट तुमच्या नावावर किंवा मालकाच्या नावावर असेल, तर दर युनिटला चार-पाच बाथच्या आसपास पडतो. काही इमारतींचे मालक मात्र स्वतःचा दर लावतात, सात-आठ बाथसुद्धा. पुढचं घर घेताना भाड्याआधी हा प्रश्न विचारा.

मी 67 वर्षांचा आहे. मार्च ते जून मुलाकडे बँकॉकला येतोय. रोज सकाळी सातला तासभर चालतो. मधुमेह आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिथल्या उन्हात हे जमेल का?

काका, जमेल, पण सातला नाही. तुम्ही येताय ते इथले सगळ्यांत कडक दिवस आहेत. उन्हाळा फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असतो, आणि एप्रिलच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. तेव्हा रस्त्यावर सावलीच उरत नाही. सूर्योदय सहाच्या आसपास होतो. तुम्ही सव्वापाच-साडेपाचला बाहेर पडा आणि साडेसहाला घरी या. लुंपिनी बाग पहाटेच उघडते. त्या वेळी तिथे तुमच्याच वयाचे शेकडो लोक चालताना, ताय-ची करताना दिसतील. तळ्याकाठी मोठमोठ्या घोरपडी फिरतात, त्या काही करत नाहीत, फक्त वाट द्या.

इथल्या आकड्यांनी फसू नका. 2023 च्या एप्रिलमध्ये टाक प्रांतात 45.4 अंशांची नोंद झाली होती; बँकॉकचा पारा सहसा 36-37 पर्यंतच जातो. पण ओलसर हवेत घाम वाळत नाही, आणि शरीर थंड होतं ते घाम वाळल्याने, नुसता तो आल्याने नव्हे. शिवाय रात्रीही तापमान सहसा 27-28 च्या फारसं खाली जात नाही, त्यामुळे शरीराला विश्रांती मिळत नाही. नव्या हवेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात पंधरा-वीस मिनिटंच चाला, मग हळूहळू वाढवा.

निघण्यापूर्वी डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, आणि उन्हाळ्यात मात्रा बदलायची का? स्वतःच्या मनाने गोळी कमी करू नका. इन्सुलिन घेत असाल तर वापरातली कुपीसुद्धा साधारण 30 अंशांच्या आत ठेवावी लागते. बंद घर दुपारी त्याच्या सहज वर जातं.

आणि हे मुलाला वाचून दाखवा. उन्हात माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या गेला, अंग तापून लाल झालं, तर तो उष्माघात समजायचा. 1669 ला फोन करायचा आणि रुग्णवाहिकेची वाट बघत न बसता त्याच क्षणी अंगावर पाणी ओतून वारा घालायला सुरुवात करायची. रुग्णालयात पोचेपर्यंतची ती मिनिटंच जीव वाचवतात.

13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष आहे. रस्त्यावरची पाण्याची धुळवड तुम्हाला झेपणार नाही, पण घराघरांत त्या दिवशी तरुण मंडळी वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी घालून आशीर्वाद मागतात. मुलाच्या शेजाऱ्यांनी बोलावलं तर जरूर जा.

कंपनीने वर्क परमिट काढून दिलं आहे. एचआर म्हणतं, व्हिसाचं सगळं आम्ही बघू. मग मी काही लक्षात ठेवायची गरज आहे का?

आहे. एचआर बदलतं, सुट्टीवर जातं, विसरतं. दंड आणि पासपोर्टवरचा शिक्का मात्र तुमच्या नावावर येतो.

पहिलं, परतीचा परवाना, म्हणजे री-एंट्री परमिट. मुक्काम वाढवून मिळाला असेल आणि हा परवाना न काढता तुम्ही देशाबाहेर पाऊल टाकलंत, तर तो मुक्काम तिथेच संपतो. घरून वाईट बातमी आली आणि माणूस रात्रीच्या विमानाने धावत निघाला, अशा वेळीच हे घडतं. एका वेळेचा 1,000 बाथ, अनेक वेळांचा 3,800 बाथ. वर्षाच्या सुरुवातीलाच अनेक वेळांचा काढून ठेवा. हा खर्च वाया जात नाही.

दुसरं, सलग 90 दिवस देशात राहिलात तर इमिग्रेशनला पत्ता कळवायचा. मुदतीच्या 15 दिवस आधीपासून 7 दिवस नंतरपर्यंत तो देता येतो; ऑनलाइन मात्र मुदत उलटण्याआधीच. चुकल्यास 2,000 बाथ दंड. मध्ये परदेशवारी झाली की मोजणी पुन्हा एकपासून. ही नोंद म्हणजे व्हिसाची मुदतवाढ नव्हे, दोन्ही वेगळी कामं आहेत. मुक्कामाची मुदत उलटून राहिल्यास दिवसाला 500 बाथ दंड, 20,000 पर्यंत.

तिसरं, टीएम 30 हा इमिग्रेशनचा अर्ज. परदेशी माणूस राहायला आला की घरमालकाने 24 तासांत कळवायचं असतं. जबाबदारी त्याची आहे, पण ती पावती नसेल तर चेंग वत्थनाच्या इमिग्रेशन कार्यालयात अडून बसावं लागतं तुम्हाला. घराची किल्ली घेतानाच मागून घ्या. कागदांवरचं वर्ष बौद्ध संवतातलं असतं, आपल्या सनात 543 मिळवायचे: 2026 म्हणजे 2569. दुधाच्या पिशवीवरही काही वेळा हेच वर्ष असतं, तेव्हा दचकू नका.

ताई, मी इथे एम.एस्सी. करतो. माझ्या वसतिगृहात दोघांना डेंगी झाला. मी संध्याकाळी खिडक्या बंद ठेवतो, रात्री मच्छरदाणी लावतो. आणखी काय करू?

तू रात्रीच्या डासांची काळजी घेतो आहेस. डेंगीचा एडिस डास दिवसा चावतो, सकाळी उजाडल्यावर आणि दुपार कलल्यावर सगळ्यांत जास्त. वर्गात बसताना, बसस्टॉपवर, वाचनालयातल्या टेबलाखाली. म्हणून सकाळी निघतानाच पायांना मलम लावून नीघ.

हा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. कुंडीखालची ताटली, बाथरूममधली बादली, फ्रिजमागचा पाण्याचा ट्रे, आवारातल्या देवघराशी ठेवलेली फुलांची वाटी. अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला एक वार ठरवून सगळं रिकामं करायचं आणि आतून घासायचं. घासणं महत्त्वाचं, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात. मोठ्या रांजणांत टाकायला आरोग्य स्वयंसेवक अळीनाशक दाणे देतात, वसतिगृहाच्या कार्यालयातून मागवून घे.

ताप आलाच तर पॅरासिटामॉलच घे, ठरलेल्या मात्रेत. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि एक गोष्ट तुझ्या खोलीतल्या प्रत्येकाला सांग: ताप उतरला म्हणजे सुटलो, असं डेंगीत नसतं. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि नेमका तेव्हाच काही जणांचा धोका सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, विलक्षण मरगळ, यांपैकी काहीही दिसलं तर सकाळ व्हायची वाट बघायची नाही, थेट रुग्णालय. एकदा होऊन गेला म्हणजे संपलं, असंही नाही. विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा होणारा डेंगी जास्त गंभीर होऊ शकतो.

आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत. बाहेर काहीच खाता येणार नाही का?

येईल. भाजीच्या साध्या पदार्थातही माशाचा सॉस, ऑयस्टर सॉस किंवा कोळंबीची चटणी असते, म्हणून नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांची ‘जे’ पाटी असलेली दुकानं शोधा. तिथे मांस, मासे, अंडी, दूध काहीच नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात नऊ दिवसांचा जे उत्सव असतो तेव्हा तर गल्लोगल्ली हे झेंडे लागतात. डाळी, मोहरी, हिंग, पोहे फाहुरातला, म्हणजे इथल्या भारतीय बाजारात मिळतात.

मी शाळेत शिकवत होते. नवरा सातला जातो, रात्री आठला येतो. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. बाहेर इतकं तापतं की दिवसभर एका बंद खोलीत असते. शेजारी हसतात, पण कुणी बोलत नाही. संध्याकाळ झाली की रडू येतं.

तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. अशी पत्रं मला बऱ्याचदा येतात आणि त्यांत नेहमी एक वाक्य असतं: दिवसभर बाहेर पडता येत नाही. ते खरंच आहे. दहा ते चार या वेळात इथले लोकही बाहेर पडत नाहीत. या शहराचं एकमेकांशी बोलणं होतं ते पहाटे आणि दिवेलागणीला, आणि नेमक्या त्या दोन्ही वेळा आपण परदेशी लोक घरात असतो: पहाटे झोपेत, संध्याकाळी स्वयंपाकात.

तुम्ही तुमचा दिवस उचलून तिकडे न्या. साडेपाच-सहाला गल्लीतल्या बाजारात जा. भिक्षू अनवाणी भिक्षेला निघालेले असतात, बायका भात घेऊन दारात गुडघ्यांवर बसलेल्या असतात, भाजीवालीला बोलायला फुरसत असते. आठ-नऊला हा बाजार उठतो. रोज त्याच बाईकडून भाजी घ्या, स्वस्त कुठे मिळते ते बघू नका. माझ्या गल्लीतल्या भाजीवालीने पहिल्या पावसाळ्यात मला कुठल्या पायरीपर्यंत पाणी चढतं ते दाखवलं, कुठला डॉक्टर समजुतीने बोलतो ते सांगितलं, आणि मी चार दिवस दिसले नाही तेव्हा दार वाजवायला आली. आमची ओळख तोवर फक्त आकडे आणि भाज्यांच्या नावांची होती.

संध्याकाळी मोठ्या बागांमध्ये एरोबिक्स चालतं. फुकट असतं, नाव नोंदवायला लागत नाही, मंचावरची शिक्षिका करेल तसं करायचं. सहाला राष्ट्रगीत लागतं, सगळे जागच्या जागी उभे राहतात, तुम्हीही राहा, मग पुन्हा संगीत सुरू होतं. मागच्या रांगेत एक जागा धरा आणि रोज तिथेच उभ्या राहा. आठवड्याभरात शेजारची बाई तुमची जागा राखून ठेवेल. शेजारी बोलत नाहीत यामागे तुटकपणा नाही, इंग्रजी बोलायचा संकोच आहे. त्यांनी हसून सुरुवात केलीच आहे, पुढचं वाक्य आता आपण शिकायचं.

म्हणून थाई शिका, आणि लिपीसकट शिका. तुम्ही शिक्षिका आहात. वर्णमाला आपल्यासारखीच क-वर्गापासून ओळीने चालते, हे पहिल्याच दिवशी लक्षात येईल. आवाजाचे पाच चढउतार मात्र कान धरून शिकावे लागतात, तिथे घाई नको.

दुपारच्या तापत्या तासांसाठी ग्रंथालय धरा. रात्चदामनोन रस्त्यावरचं शहर ग्रंथालय सगळ्यांना खुलं आहे. सुरवाँग रस्त्यावरचं नील्सन हेज ग्रंथालय इंग्रजी पुस्तकांचं आहे. 1869 मध्ये बायकांनी एकत्र येऊन ते सुरू केलं, आजची इमारत 1922 ची. त्या बायकाही इथे परदेशीच होत्या.

एक सावधगिरी. कुणी म्हणेल, शाळेत विनामोबदला शिकवा. इथे स्वयंसेवी कामालाही वर्क परमिट लागतं, तेव्हा कागद बघितल्याशिवाय होकार देऊ नका. आणि रडू थांबतच नसेल, झोप-भूक गेली असेल, तर नवऱ्याला हे पत्र जसंच्या तसं वाचायला द्या आणि दोघं मिळून डॉक्टरकडे जा. बँकॉकच्या मोठ्या रुग्णालयांत इंग्रजीत बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ आहेत. मला पुन्हा लिहा, मी वाट बघते.

गर्दीपासून दूर, बागेसह तळमजल्याचं घर स्वस्तात मिळतंय. घ्यावं का?

बाग मलाही आवडते आणि मी स्वतः तशाच घरात राहते, म्हणून नको म्हणणार नाही. पण बँकॉक समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात एका जोरदार सरीने गल्ल्या तुंबतात. त्या पाण्यात चालावं लागलंच तर बूट घाला, घरी येऊन पाय साबणाने धुवा, अंगावर जखम असेल तर पाण्यात उतरूच नका. लेप्टोचा धोका असतो. विजेचे बोर्ड कंबरेच्या वर आहेत का ते बघा. स्नानगृहाच्या जाळ्या घट्ट बसतात का तेही बघा, कारण पावसाळ्यात नाल्यांतून साप वर येतात. आला तर स्वतः काठी घेऊ नका, दार लावा आणि 199 ला फोन करा. अग्निशमन दलाचे लोक येऊन पकडून नेतात.

डिसेंबर ते मार्च या काळात हवेत धुराचा त्रास असतो, आणि साध्या एसीने तो धूर गाळला जात नाही. घरात दमेकरी असेल तर झोपायच्या खोलीत हेपा गाळणीचं (बारीक कण अडवणारं) हवा शुद्ध करायचं यंत्र ठेवावं लागेल. तो खर्च भाड्यात धरून हिशोब करा.

मालक म्हणेल, इथे कधीच पाणी येत नाही. त्याच्यावर विसंबू नका. कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानात जाऊन 2011 चा पूर कुठवर आला होता ते विचारा. त्या वर्षी डॉन म्युआंगचा विमानतळ पाण्याखाली गेला होता, ज्यांनी ते दिवस काढले ते विसरलेले नाहीत. दुकानदार भिंतीवर हात ठेवून खूण दाखवेल. ती खूण घराच्या उंबऱ्याच्या वर असेल, तर वरच्या मजल्यावर निदान एक खोली, फ्रिज चढवायला जिना आणि भाड्यात घसघशीत सूट, एवढं मिळाल्याशिवाय सही करू नका.